स्वस्त तपासणी म्हणजे हलकी तपासणी नव्हे

पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई दवाखान्यात आल्या. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली होती, तरी सहा महिन्यांपासून अधूनमधून अंगावरून लाल जात होते. "मोठ्या तपासण्या आपल्याला कुठल्या परवडायच्या, डॉक्टर?" म्हणून त्यांनी दुखणे अंगावर काढले. त्यांना तातडीने पुढे पाठवावे लागले. ही खर्चाची भीती घरोघरी असते. म्हणून आज परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या एका अभ्यासाची माहिती देतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश होतो. त्याआधी कित्येक वर्षे तेथील पेशी बदलू लागतात. त्या वेळी तो ओळखला, तर उपचार सोपे असतात. यासाठी पॅप तपासणी आहे. पण तिला प्रयोगशाळा व तज्ज्ञ लागतात आणि अहवाल येईपर्यंत थांबावे लागते.

१९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी सोपा मार्ग पारखून पाहायचे ठरवले. मुंबईतील २० झोपडपट्टी विभागांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण दिले. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य ॲसेटिक आम्ल लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. निकाल जागच्या जागी कळतो. डाग म्हणजे कर्करोगच असे नाही. पण अशा स्त्रीची रुग्णालयात पुढील तपासणी व उपचार मोफत होत.

निम्म्या विभागांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. उरलेल्या विभागांत फक्त आरोग्यशिक्षण दिले गेले. त्यावर पुढे टीकाही झाली. १२ वर्षांनंतरचा निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला. तपासणी झालेल्या विभागांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. वर्षाला लाख स्त्रियांमागे १६ ऐवजी ११.

यातून काय शिकायचे? येथे महागडे यंत्र नव्हते. होते ते दारापर्यंत जाणे, समजावून सांगणे आणि डाग दिसलेल्या स्त्रीला उपचारापर्यंत पोहोचवणे. ही शेवटची कडी तुटली, तर कोणतीही तपासणी वाया जाते.

२०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावयाची आहे. एचपीव्ही विषाणूची तपासणी आता अधिक अचूक मानली जाते आणि मुलींसाठी लसही आहे.

भगिनींनो, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात या तपासणीची चौकशी अवश्य करा. घरच्या व्हिनेगरचा प्रयोग मात्र मुळीच नको. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असले, तर तपासणीच्या पाळीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.