जुन्या ट्रॅक्टरचे खरे वय

जुना ट्रॅक्टर विकणारा त्याचे जे साल सांगतो ते पुष्कळदा ऐकीव असते. "वडिलांनी अठ्ठेचाळीस साली घेतला," एवढाच त्याला आधार. पण घेतल्याचे साल आणि बनल्याचे साल एकच असेल असे नाही. कारखान्यातून निघालेला ट्रॅक्टर विक्रेत्याच्या अंगणात कित्येक महिने उभा राहू शकतो. बनल्याचे साल यंत्रावरच्या क्रमांकावरून कळते. तो कसा वाचावा हे इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन प्रसिद्ध ट्रॅक्टरांवरून पाहू.

पहिला फर्ग्युसन टीई २०. हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे तयार झाला. एकूण पाच लाखांहून अधिक निघाले. (एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांवरून.) डॅशबोर्डवर धातूची पट्टी असते, तिच्यावर अक्षरे आणि क्रमांक असतो. टी म्हणजे ट्रॅक्टर, ई म्हणजे इंग्लंड. पुढचे अक्षर इंजिन सांगते: ए असेल तर स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन, डी असेल तर रॉकेलसारख्या स्वस्त तेलावरचे, एफ असेल तर डिझेल. साल मात्र अक्षरांत नसते, आकड्यात असते.

१९४६ मध्ये जेमतेम ३१५ ट्रॅक्टर निघाले. त्यानंतर १९४७ ची सुरुवात ३१६ पासून, १९४८ ची २०८९५, १९४९ ची ७७७७३, १९५० ची ११६५५१, १९५१ ची १६७९२३, १९५२ ची २४१३३६, १९५३ ची ३१०७८०, १९५४ ची ३६७९९९, १९५५ ची ४२८०९३ आणि १९५६ ची ४८८५७९ पासून. समजा पट्टीवर १४३२१० आहे. तो ११६५५१ च्या पुढे आणि १६७९२३ च्या आत येतो, म्हणून ट्रॅक्टर १९५० चा.

एवढ्यावर थांबू नये. पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि रिव्हेट निघतात. पहिल्या वर्षीचे ट्रॅक्टर इतके थोडे की हौशी लोक त्यांना जास्त पैसे मोजतात, तेव्हा पट्टी बदलण्याचा मोह कोणाला होत असेल हे सांगायला नको. दुसरी चूक प्रामाणिक माणसाकडूनही होते: इंजिनावर स्वतंत्र क्रमांक असतो आणि तोच ट्रॅक्टरचा समजून यादीत शोधला जातो. साल चुकले की सुटे भागही चुकतात. पेट्रोल इंजिनाचा सिलिंडर आधी ८० मिलिमीटरचा होता, १९५१ पासून तो ८५ चा झाला. चुकीच्या सालावर मागवलेले पिस्टन आणि लायनर परत पाठवावे लागतात, आणि नांगरणी थांबते ती वेगळीच.

दुसरा ट्रॅक्टर अमेरिकेतला फोर्ड. १९३९ साली आलेल्याला ९एन म्हणत, १९४२ च्या मॉडेलला २एन. गंमत अशी की २एन वरही क्रमांकाआधी ९एन अशीच अक्षरे ठोकली जात. म्हणून नुसती अक्षरे पाहून "हा १९३९ चा" असे म्हणणे धोक्याचे. ८एन १९४७ च्या मध्यात आला, पण नावातला आठ १९४८ चा. येथे पट्टी नाही. क्रमांक इंजिनाच्या डाव्या बाजूला, हेडच्या खाली, लोखंडातच उथळ ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने जोरात घासू नये, आकडे जातात. रॉकेलच्या फडक्याने पुसून वर खडू चोळला की आकडे उठून दिसतात. इंजिन बदलले असेल तर अर्थातच क्रमांकही बदललेला असतो.

८एन ची पडताळणी सोपी आहे. २६३८४३ या क्रमांकापर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत, डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या तोंडावर होता. त्यानंतर तो बाजूला आला. क्रमांक तीन लाखांचा आणि डिस्ट्रिब्युटर समोर, असे दिसले तर काहीतरी बदललेले आहे. विसार देण्याआधी मालकाला त्याबद्दल विचारावे.