बॅटरी विकण्याआधी मीटर काढा : घरच्या सोलरचा चार्जिंग फॉल्ट कसा शोधायचा

परवाच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "सर, ग्राहक म्हणतो सोलरची बॅटरी चार्ज होत नाही. सुरुवात कुठून करायची?" व्हिडिओत आकडे पटपट निघून जातात, म्हणून इथे नीट लिहून देतोय. आणि त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण हा धडा मी पैसे मोजून शिकलोय.

माझी चूक

आमच्या वराळ्यातलेच एक काका. घराला १५० वॅटचं एक पॅनेल, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर, बॅटरी घरात. दीड वर्षात बॅटरी बसली. काका दुकानात आले, म्हणाले, "पावसाळा तोंडावर आलाय, नवीन टाकून दे बाबा." मीही टाकून दिली. काही तपासलं नाही. विक्री झाली, नफा झाला, मी खूश.

चार महिन्यांनी काका परत दारात. "अरे, नवीन बॅटरीपण रात्री दहाला मान टाकते."

त्या दिवशी पहिल्यांदा मी मीटर घेऊन गोठ्यावर चढलो. बॅटरीत दोष नव्हताच. दोष होता तारेत. म्हणजे पहिली बॅटरीही तारेनेच मारली होती, आणि मी दुसरीही त्याच तारेच्या तोंडी दिली होती.

आता क्रम बघूया. हाच क्रम मी आज प्रत्येक घरी वापरतो.

पायरी १ : आधी विचारा, मग उघडा

तीन प्रश्न. त्रास कधीपासून? त्यानंतर घरात काही नवीन जोडलं का (फ्रिज, टीव्ही, जादा पंखा)? बॅटरीत पाणी शेवटचं कधी घातलं? निम्मे फॉल्ट इथेच कळतात.

अजून एक गोष्ट विचारा : सिस्टिम बॅटरीची आहे की नेट मीटरची? २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगाव नेट मीटरवाले सोलर बसलेत. त्यात बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर ते बंद पडणारच. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. तो फॉल्ट नाही. ग्राहकाला हे समजावून सांगा आणि परत या. उगाच काही विकू नका.

पायरी २ : बॅटरी

पॅनेल आणि लोड दोन्ही बंद करून बॅटरीला काही तास विश्रांती द्या, मग मोजा. पहाटे गेलात तर उत्तम.

- १२.७ व्होल्टच्या आसपास : फुल
- १२.२ च्या आसपास : निम्मी
- १२ च्या खाली : जवळजवळ रिकामी

मग हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. सगळ्या सेल सारख्याच खाली असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे. पाच सेल बऱ्या आणि एकच खूप खाली असेल, तर ती सेल गेली असं समजा. "उपाशी" आणि "मेलेली" यातला फरक न कळणारा दुकानदार फक्त बॅटरी विकतो. मीही तेच केलं होतं.

पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड घालायचं नाही. चष्मा आणि हातमोजे घाला. चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ बिडी-काडी नको.

पायरी ३ : पॅनेल

आधी पुसा. मग आजूबाजूला बघा : आंब्याची फांदी, पाण्याची टाकी, डिशची छत्री. १२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये साधारण ३६ सेल एकामागे एक जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यावर गडद सावली पडली की बायपास डायोडमुळे निम्म्या सेल बाजूला पडतात, व्होल्टेज नऊ-दहावर येतं, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत काहीच जात नाही.

आता इथे सगळे फसतात. पॅनेलची तार मोकळी करून मीटर लावला की १९-२० व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो, "पॅनेल ओके." नाही! ढगाळ हवेतसुद्धा जवळपास तेवढेच व्होल्ट दिसतात. नुसत्या व्होल्टवरून ताकद कळत नाही. करंट मोजायला हवा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या. १५० वॅटच्या पॅनेलला स्वच्छ दुपारी, बॅटरी भुकेली असताना ७-८ अँपिअर दिसायला हवेत.

पायरी ४ : तार (काकांचा फॉल्ट इथे सापडला)

चार्जिंग चालू असताना दोन ठिकाणी व्होल्ट मोजा : पॅनेलच्या टोकाला आणि कंट्रोलरच्या टोकाला. काकांकडे दुपारी एक वाजता पॅनेलपाशी १५.९ आणि कंट्रोलरपाशी १३.३ व्होल्ट होते. मधले २.६ व्होल्ट गेले कुठे? तारेत, उष्णता होऊन.

हिशोब करूया. बसवणाऱ्याने घरगुती १.५ स्क्वेअर एमएमची तार ओढली होती. अंतर १५ मीटर, पण करंट जातो आणि परत येतो, म्हणून ३० मीटर धरायचे. या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १२-१३ मिलिओहम, म्हणजे ३० मीटरला ०.३७ ओहमच्या आसपास. त्यातून ७ अँपिअर गेले :

०.३७ × ७ = २.६ व्होल्ट

मीटरने दाखवलं तेवढंच!

आता पुढचं बघा. पॅनेलच्या लेबलवर १८ व्होल्ट लिहिलेले असतात, पण ते पॅनेल थंड असताना. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावर पॅनेल तापून कामाचं व्होल्टेज साडेपंधरा-सोळावर येतं. त्यातून अडीच वजा केले की उरतात साडेतेरा. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. म्हणजे बॅटरी रोज अर्धवट भरणार. अशी महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती कायमची जाते.

६ स्क्वेअर एमएमची तार टाकली की तोच घट पाऊण व्होल्टच्या आसपास येतो. घट एक व्होल्टच्या आत ठेवा, अर्ध्याच्या आत आला तर उत्तम. कंट्रोलर नेहमी बॅटरीजवळ बसवा.

पायरी ५ : जोड आणि कंट्रोलर

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, ढिलं थिंबल, हाताला गरम लागणारा जोड : तीनही फॉल्टच. साफ करा, घट्ट करा, पेट्रोलियम जेली लावा.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. चार्जिंग चालू असताना कनेक्टर ओढू नका, डीसीची ठिणगी पटकन विझत नाही.

पायरी ६ : खर्चाचा हिशोब

सगळं ठीक असेल तर जमा-खर्च मांडा. १५० वॅटचं पॅनेल, चांगल्या उन्हाचे साडेचार तास, म्हणजे ६७५ वॅट-तास. घट जाऊन हातात साडेचारशे धरा. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास म्हणजे २४०, नऊ वॅटचे तीन बल्ब पाच तास म्हणजे १३५. झाले ३७५. हे चालेल. त्यावर जुना ७५ वॅटचा पंखा लावला की गणित कोलमडलं. आणि मावळातला जुलै म्हणजे सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. ग्राहकाला हे विकतानाच सांगा.

मग काकांचं काय केलं?

तार माझ्या खर्चाने बदलली आणि बॅटरीवर कमावलेला नफा परत दिला. काका नको म्हणत होते, पण दिला. बॅटरी सलग काही दिवस पूर्ण चार्ज झाल्यावर सावरली, अजून चालू आहे.

धंद्याच्या दृष्टीने सांगतो. त्या दिवसापासून मी तपासणीची वेगळी फी घेतो, ३०० रुपये, आणि सगळे आकडे एका कार्डावर लिहून ग्राहकाला देतो. फी मिळते म्हणून मला काही विकण्याची घाई नसते. आणि कार्डावर आकडे असले की "बॅटरी बदला" म्हटल्यावर ग्राहक शंका घेत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : स्वतःच्या किंवा शेजारच्या एका सोलरचे पायरी ४ चे दोन आकडे मोजा आणि कमेंटमध्ये टाका. तारेची जाडी आणि लांबीही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच आकड्यांवर हिशोब करूया. भेटू!