दोन मस्तके, एक देह

‘दुतोंड्या साप’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मांडूळ उभा राहतो. वास्तविक मांडुळाला तोंड एकच असते. त्याचे शेपूट बोथट असून डोक्याच्या आकाराशी त्याचे साम्य असते, आणि या साम्यामुळे शत्रूची दिशाभूल होऊन सापाचा खरा माथा वाचतो. गारुडी लोक कधी कधी या शेपटावर डोळ्यांच्या व तोंडाच्या खुणा करून ते प्रेक्षकांना दाखवीत. मांडुळामुळे गुप्तधन मिळते, या भ्रामक समजुतीपायी त्याची चोरटी विक्रीही होत आली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या सापाला संरक्षण असूनही ती समजूत पुरती नाहीशी झालेली नाही.

मात्र खरोखरीच दोन मस्तके असलेले सापही जन्माला येतात, आणि त्यांची नोंद फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या जननावरील आपल्या ग्रंथात अशा सापाचा उल्लेख केला आहे. १६८४ मध्ये फ्रांचेस्को रेदी या इटालियन वैद्याने आर्नो नदीच्या काठी सापडलेल्या दोन डोक्यांच्या सापाचे विच्छेदन करून त्याच्या अंतर्गत रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९३७ मध्ये बर्ट कनिंगहॅम या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने तोवर ठाऊक असलेल्या अशा सापांची माहिती एका ग्रंथात संकलित केली. ज्याला लोक शकुन किंवा अपशकुन मानीत, त्याला अशा रीतीने हळूहळू अभ्यासाच्या विषयाचे स्थान लाभले.

असा प्राणी निर्माण कसा होतो? सयामी जुळ्यांचा उगम बहुधा एकाच फलित अंड्यात असतो. भ्रूणाच्या विकासाच्या अगदी आरंभी त्याचे दोन भाग पूर्णपणे वेगळे झाले, तर दोन स्वतंत्र जुळी जीव धरतात. परंतु ही विभागणी अर्धवट राहिली, तर पुढचा भाग दुहेरी आणि मागचा एकेरी अशी रचना तयार होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हान्स श्पेमान या जर्मन शास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली. न्यूट या शेपटी असलेल्या उभयचर प्राण्याचा कोवळा भ्रूण त्याने तान्ह्या बालकाच्या केसाच्या फासाने मधोमध आवळला. फास पूर्ण आवळला असता दोन भ्रूण वाढू शकले; तो अर्धवट आवळला असता दोन डोक्यांची अळी तयार झाली. त्या भ्रूणाच्या जनुकांना कोणी स्पर्श केला नव्हता, ही बाब येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोन मस्तकांच्या प्राण्याचे जीवन सुकर नसते. प्रत्येक मस्तकात स्वतंत्र मेंदू असतो आणि प्रत्येक मेंदू आपापली आज्ञा देतो. एक डोके उजवीकडे, तर दुसरे डावीकडे ओढू लागले, की शत्रूपासून पळ काढणेदेखील अशक्य होते. म्हणूनच निसर्गात असे प्राणी सहसा अल्पायुषी ठरतात. माणसाच्या देखरेखीखाली मात्र त्यांतील काही दीर्घकाळ जगले आहेत. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात गॉर्डन बर्गहार्ट यांनी दोन डोक्यांच्या एका काळ्या रॅट सापाचा अनेक वर्षे अभ्यास केला. सहजप्रवृत्ती आणि मन या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयएम’ असे नाव देण्यात आले होते. तो सुमारे वीस वर्षे जगला. देह एकच असूनही त्याची दोन्ही डोकी एकाच भक्ष्यासाठी झगडत. कोणत्याही मुखाने गिळले तरी अन्न एकाच देहाला मिळणार, हे त्यांना उमगत नसे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: ज्या डोक्याने भक्ष्य गिळले, त्याची भूक दुसऱ्यापेक्षा अधिक शमत असे. तृप्तीची जाणीव केवळ भरलेल्या पोटावर नव्हे, तर तोंड व घसा यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांवरही अवलंबून असते, असा त्याचा अर्थ होतो. निसर्गाच्या एका चुकीने सर्वसामान्य देहाचे असे एक रहस्य उलगडून दाखविले.

जिनिव्हाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९९७ मध्ये जन्मलेल्या ‘जेनस’ या ग्रीक कासवाचे उदाहरणही असेच बोलके आहे. त्याला दोन डोकी, दोन हृदये आणि फुफ्फुसांच्या दोन जोड्या. इतर कासवांप्रमाणे त्याला आपली डोकी कवचात ओढून घेता येत नाहीत. नित्य निगा राखली गेल्यामुळेच २०२२ मध्ये त्याने आयुष्याची पंचवीस वर्षे पूर्ण केली. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातील दोन डोक्यांच्या एका कॉर्न सापिणीला तर पंधरा पिल्ले झाली आणि ती सर्व सामान्य होती. भ्रूणावस्थेत घडलेला अपघात पुढील पिढीकडे जातोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कोळ्यांच्या बाबतीतही असेच आहे. पोलंडमधील तोरून येथील संशोधकांनी घरात आढळणाऱ्या एका मोठ्या कोळ्याची अंडी आळीपाळीने १४ आणि ३२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली. त्यांतून कमीअधिक पायांची, जोडलेल्या पायांची आणि क्वचित दोन डोक्यांची पिल्ले निपजली. तापमानाचा असा चढउतार विकासाची घडी विस्कटू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. टॅरंटुला कोळी पाळणाऱ्यांना मात्र आणखी एका गोष्टीने चकवा बसतो. तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा उगवतो. तो आरंभी आखूड व बारीक असतो आणि पुढच्या कातींनंतर बाकीच्या पायांसारखा होत जातो. असा पाय म्हणजे जन्मजात विकृती नव्हे. ती भरून येत असलेली जखम होय.

उत्परिवर्तन याहून वेगळे असते. त्यात प्रत्यक्ष जनुकातच बदल झालेला असतो आणि तो वंशपरंपरेने पुढे जाऊ शकतो. सापांमधील श्वेतवर्णता हे त्याचे परिचित उदाहरण. हे लक्षण सामान्यतः अप्रभावी असल्यामुळे आईबाप दोघांकडूनही ते जनुक मिळाल्याखेरीज पिल्लात प्रकट होत नाही. ते लवकर मिळावे म्हणून एकाच कुळातील सापांचा पुन्हापुन्हा संकर करण्याचा मोह उत्पादकांना होतो, आणि अशा निकटसंकराबरोबर इतर दडलेले दोषही वर येतात.

याहून गंभीर उदाहरण बॉल अजगराच्या ‘स्पायडर’ या प्रकाराचे आहे. त्याच्या अंगावरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीला मोठी मागणी असे. परंतु ही नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबर डोके डुगडुगणे आणि तोल जाणे हा दोषही येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सापांच्या अंतर्कर्णाची घडण बिघडलेली आढळली. हे लक्षण प्रभावी असल्याने एकाच जन्मदात्याकडून ते पिल्लात उतरते. येथे अपघात निसर्गाचा नसतो. तो दोष माणूस जाणूनबुजून, पिढ्यान्‌पिढ्या वाढवीत असतो.

हा फरक पाळणाऱ्याने नीट ओळखला पाहिजे. अंड्यातून दोन डोक्यांचे पिल्लू बाहेर आले, तर त्यात कोणाचा अपराध असेलच असे नाही. अशा पिल्लाचे प्रदर्शन मांडण्यापूर्वी त्याला गिळता येते काय, श्वास घेता येतो काय, आणि ते वेदनेवाचून जगू शकेल काय, हे जाणकार पशुवैद्याला विचारणे हे पहिले कर्तव्य होय. उबवणीच्या काळात तापमान स्थिर राखणे, त्याच्या नोंदी ठेवणे आणि निकटसंकर टाळणे हे तर प्रत्येकाच्या हातातले आहे. परंतु जी जोडी एकत्र आणली असता पिल्ले आजन्म तोल सावरीत राहणार हे आधीच ठाऊक आहे, ती जोडी एकत्र आणणे याला कुतूहल म्हणता येणार नाही. दुर्मिळ प्राणी पाहून माणसाला विस्मय वाटावा हे स्वाभाविक आहे; पण त्या विस्मयाची किंमत मुक्या जिवाने मोजावी, हे न्याय्य नाही.