ऑकलंडला उतरशील तेव्हा

जानेवारीत ऑकलंडला उतरायचं, सगळं बिऱ्हाड पाठीवर, सोबत कुणी नाही, आणि आत्तापासूनच तुझी झोप उडालीय. साहजिक आहे गं. पण तू अख्खा प्रवास एका रात्रीत डोक्यात उभा करत बसतेस ना, म्हणून जास्त धास्तावतेस. खरं सांगू का, सध्या फक्त पहिल्या दोन दिवसांचं बघ. विमानतळातून बाहेर पडायचं, हॉस्टेल गाठायचं, जेवायचं, झोपायचं. बस्स. पुढचं तिथे गेल्यावर तुझं तूच ठरवशील.

आधी खाऊचं बोलू. आई डबे भरणारच. लाडू, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला. तिला अडवू नकोस, पण डब्यांवर नावं घाल आणि यादी कर. बघ, न्यूझीलंड हा शेती, गुरं आणि जंगलं जिवापाड जपणारा देश. बाहेरून एखादी कीड किंवा बी आलं तर केवढं नुकसान होईल याची त्यांना खरी धास्ती आहे. म्हणून जाण्याआधी ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट उघडली तर सरळ बंद कर. त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू सांगून टाक. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील, दंड करणार नाहीत. न सांगता सापडली तर मात्र जागच्या जागी 400 डॉलर भरावे लागतात, मग ते विमानात मिळालेलं सफरचंद का असेना. मध तर नेऊच नकोस. काय न्यायचं आणि काय टाकायचं या शंकेत रात्र काढू नकोस. तू सांगायचं, ठरवायचं त्यांनी.

आणि तुझे ते हरिश्चंद्रगडाचे बूट! तळव्याच्या खाचांत तांबडी माती अजून तशीच असेल. जुना टूथब्रश घे, साबणाच्या पाण्यात घासून काढ आणि खडखडीत वाळव. वापरलेले ट्रेकिंगचे बूट आहेत हेही डिक्लेअर करायचं असतं. तिथल्या कौरी वृक्षांना मातीतून पसरणारा रोग लागलाय, त्यामुळे ऑकलंडजवळच्या जंगलवाटांच्या तोंडाशी बूट घासायची सोयच केलेली असते. कंटाळा न करता घास. शेकडो वर्षांची झाडं आहेत गं ती.

विमानतळावरून नारिंगी एअरपोर्टलिंक बस पुहिनुई स्टेशनला जाते, तिथून शहरात जायला ट्रेन. मध्यरात्री पोचणार असशील तर हे सगळं सोड आणि टॅक्सी कर. त्या रात्री पैसे वाचवायचे नाहीत. आपला प्लग तिथे बसत नाही, म्हणून तिरक्या चपट्या पिनांचा अडॅप्टर इथूनच घे.

हॉस्टेलची पहिली रात्र शक्यतो बायकांच्या डॉर्ममध्ये, खालचा बंक मागून घे. लॉकरसाठी स्वतःचं कुलूप ने. आणि स्वयंपाकघराला घाबरू नकोस, तिथेच तुझं बस्तान बसेल. प्रत्येकाने आपल्या पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहून ठेवायची अशी पद्धत असते. बहुतेक ठिकाणी एक फळी सगळ्यांसाठी मोकळी असते. निघणारी माणसं उरलेला तांदूळ, मीठ, तेल, पास्ता तिच्यावर ठेवून जातात. आधी ती फळी बघ, मगच दुकानात जा. एक कुकरभर नाही तरी पातेलंभर खिचडी टाक. शेजारच्या शेगडीवरची मुलगी वास घेत येईलच, आणि पुढच्या गावची बस, स्वस्त हॉस्टेल, सगळं तीच सांगेल. नळाचं पाणी बिनधास्त पी.

दुसऱ्या दिवशी टूर बुक करू नकोस, माझं स्पष्ट मत आहे. झोपेचं घड्याळ बिघडलेलं असतं आणि सगळा देश उगीच परका वाटतो. त्यापेक्षा सकाळी माउंट ईडन चढ. जेमतेम 196 मीटर उंचीचा थंड झालेला ज्वालामुखी, वरून सगळं शहर दिसतं. वरच्या खड्ड्यात मात्र उतरायचं नाही, माओरी लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. टोपी घाल आणि सनस्क्रीन चोपड. वारा गार असतो, त्यामुळे कळतही नाही आणि कातडी भाजून निघते.

संध्याकाळी रडू येईल कदाचित. येऊ दे. आपण चुकीचं काही केलं असं त्यावरून ठरवू नकोस, थकलेलं शरीर असंच वागतं. आईला तिथल्या रात्री नऊला फोन कर. जानेवारीत तिथे उन्हाळा, तेव्हा तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतात, तेव्हा इथे दुपारचा दीड वाजलेला असेल. उठल्या उठल्या करशील तर इथे मध्यरात्र असेल, आणि ती दचकून उठेल.

एकच गोष्ट मी हट्टाने सांगणार. डोंगरात शिरण्याआधी कुठे चाललीस आणि कधी परतणार हे एका माणसाला लिहून कळवायचं. आत मोबाइलला रेंज नसते आणि पाऊस झाला की नद्या बघता बघता चढतात. पूल नसलेली चढती नदी ओलांडायची नाही. थांबायचं किंवा मागे फिरायचं. बस चुकली तर चुकू दे. अडचणीचा नंबर 111, तो पाठ कर. आणि कळवायला दुसरं कुणी नसेल तर मला कळव. परतायची वेळ लिही, मी फोन उशाशी ठेवीन.