राष्ट्राची उद्दिष्टे आणि शाश्वत विकास : नवी मुंबईचे उदाहरण

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्यासाठी राखलेले धान्य तो दळून खात नाही. आजची भूक भागवून उद्याची पेरणी बुडवू नये, हे शहाणपण त्याच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असते. राष्ट्राच्या संसारालाही हाच न्याय लागू पडतो. आजच्या गरजा भागवीत असतानाच पुढील पिढ्यांच्या वाट्याची जमीन, पाणी व हवा शाबूत ठेवणे, यालाच शाश्वत विकास असे म्हणतात.

असा विकास आपोआप घडत नाही. त्याकरिता राष्ट्राला आपली उद्दिष्टे आधी ठरवावी लागतात. भारताने १९५१ पासून २०१७ पर्यंत पंचवार्षिक योजनांच्या द्वारे हे कार्य केले. २०१५ मध्ये नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २०३० सालापर्यंत गाठावयाची १७ उद्दिष्टे निश्चित केली व भारतानेही ती स्वीकारली. दारिद्र्यनिर्मूलन, शिक्षण, शुद्ध पाणी, योग्य रोजगार, राहण्यास योग्य शहरे, सागरी जीवांचे रक्षण ही त्यांपैकी काही होत. परंतु दिल्लीत ठरलेले उद्दिष्ट गावाच्या शिवेवर आले म्हणजे त्याची खरी कसोटी लागते. ही कसोटी कशी लागते, हे नवी मुंबईच्या उदाहरणावरून समजते.

मुंबई बेट अरुंद. तेथे गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. १९७० मध्ये या कार्यासाठी ‘सिडको’ची स्थापना झाली. आजच्या ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या परिसरातील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र योजनेखाली आले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल खुला झाला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, १९९२ मध्ये रेल्वे वाशीपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली.

ही भूमी मोकळी नव्हती. येथे आगरी व कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. खारभूमीतील शेतकरी बांध घालून त्यास ‘उघाडी’ ठेवीत. भरती आली की उघाडीचे दार मिटे आणि खारे पाणी बाहेर राही. ओहोटी लागली की ते उघडून शेतातील पाणी खाडीत उतरे. नव्या शहराच्या सखल भागांत पावसाचे पाणी साठविण्याकरिता जे धारण तलाव बांधले गेले, त्यांची दारेही याच तत्त्वावर चालतात. निसर्गाशी भांडण न करता त्याच्या चालीने चालणे हे शाश्वत विकासाचे पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र न्यायाचे आहे. जमिनी गेल्या, त्या मानाने मोबदला तुटपुंजा मिळाला, अशी भूमिपुत्रांची तक्रार होती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा उभारला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले. ज्याची जमीन, त्यास विकासात वाटा, हे तत्त्व येथे फार मोठी किंमत देऊन प्रस्थापित झाले.

तिसरे सूत्र मर्यादेचे. पाण्यासाठी महापालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण आपल्याकडे घेतले. किनाऱ्याची धूप रोखणारी व माशांच्या पिलांना आसरा देणारी कांदळवने तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा लाभला. दुसरीकडे, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलवे येथील टेकडी कापावी लागली व नदीचा प्रवाह वळवावा लागला. रोजगार हवा, तसेच डोंगर व पाणीही हवे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न एकदाच सोडवून संपत नाही. प्रत्येक पिढीस तो नव्याने सोडवावा लागतो.

म्हणून हा पाठ केवळ व्याख्या पाठ करवून संपवू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातील वृद्धांकडे पाठवावे आणि पूर्वी ओढा कोठून वाहत होता, शेते कोठे होती, याची माहिती आणावयास सांगावी. तिच्या आधारे गावाचा जुना व नवा असे दोन नकाशे वर्गात काढून घ्यावेत. मग विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : गावाने काय मिळविले? काय गमावले? आणि जे उरले आहे, त्यातील बियाणे कोणते?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो विद्यार्थी विचारपूर्वक देईल, त्यास राष्ट्रीय उद्दिष्टांचा अर्थ उमगला असे समजावे.