गोम, घोण आणि रात्रीचा दंश

वर्षावासाच्या दिवसांत वैनगंगेकाठच्या आपल्या चामोर्शी परिसरात ओल्या भिंतींवरून गोमी घरात येतात. लांब पायांची, सर्रकन पळणारी गोम दिसताच आपण चप्पल उचलतो. वस्तुतः पायांच्या १५ जोड्या असलेला हा जीव झुरळे व वाळवी खाऊन जगतो. तोंडाजवळच्या विषारी नख्या माणसाच्या कातडीत क्वचितच शिरतात. शिरल्याच तर मधमाशीच्या डंखासारखी आग होते, इतकेच.

लाकूडफाट्याखालची मोठी घोण मात्र वेगळी. तिच्या दंशाने तीव्र वेदना व सूज येते. दंशाची जागा साबणाने धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी. श्वास अडू लागल्यास दवाखाना गाठावा.

आम्हांला खरी चिंता वाटते ती निराळीच. जमिनीवर झोपलेल्या मुलाला रात्री काहीतरी चावते, फारसे दुखत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘गोम असेल.’ मण्यारीचा दंशही असाच, जवळजवळ वेदनारहित असतो. चावणारा जीव दिसला नसेल, तर पापण्या जड होण्याची वाट न पाहता आणि मांत्रिकाकडे न थांबता तडक रुग्णालयात जावे. सर्पविषावरील प्रतिविष तेथेच मिळते. पावसाळ्यात मुलांचे अंथरूण खाटेवर घालून मच्छरदाणी नीट खोचावी.