यंत्रावर तू स्वतः बसतेस, हे आधी लिही

चि. मंजिरीस,


शिवणयंत्र दुरुस्त करून आणलं तरी दोरा तुटतोच, आणि आता दुकानदार म्हणतो, 'धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही.' तुझं पत्र वाचून संताप आला. त्याच्या या बोलण्याला मुळीच दबू नकोस. व्यापारासाठी घेतलेला माल कायद्याने वगळलाय हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. म्हणून यंत्रावर मी स्वतः बसते, याच कमाईवर घर चालतं, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिही. ते राहिलं तर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवील.

यंत्र पुण्यात घेतलंस म्हणून पुण्याला खेटे घालायला नकोत. तू राहतेस तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात, तक्रार चालते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आधी दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही पोच मिळेल अशी नोटीस पाठव. पंधरा दिवस दे. तक्रारीतही दोघांना सामनेवाले कर, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसेल. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, आणि 'पुढच्या आठवड्यात बघतो' या आश्वासनांनी ती थांबत नाही.

खरी मेहनत कागदांवर घे. बिल, वॉरंटी कार्ड, मेकॅनिकने दर वेळी दिलेली जॉबशीट, व्हॉट्सॲपवरचे निरोप हे सगळं तारखेच्या क्रमाने लाव, पानांना नंबर घाल, यादी कर. हकीकतही त्याच क्रमाने येऊ दे. दुकानदार कसा लबाड आहे हे सांगण्यात पान घालवू नकोस. कोणत्या तारखेला काय बिघडलं आणि त्याने काय उत्तर दिलं, एवढं पुरे. मेकॅनिकने जॉबशीटवर 'ठीक केलं' एवढंच लिहिलं असेल, तर दोष काय होता ते आत्ताच लेखी मागून घे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग यंत्र प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

मागणी नेमकी हवी: किंमत व्याजासह परत किंवा नवं यंत्र, बुडालेल्या कामाची भरपाई, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. बुडालेलं काम ऑर्डरच्या वहीतून दाखव. वहीत नाही तो आकडा घालू नकोस.

आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाल्यापासून सामनेवाल्याला म्हणणं मांडायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरवलं आहे. म्हणून ही नोटीस त्यांना पोचल्याची पोचही जपून ठेव. प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज नसेल तर निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. तू मात्र एकही तारीख चुकवू नकोस. तक्रारदार गैरहजर राहिला तर तक्रार निकाली निघू शकते. मध्येच तडजोडीचं बोलणं निघालं तर ऐक, पण ठरेल ते सह्यांनिशी कागदावर घे.

मसुदा झाला की शपथपत्र करण्याआधी मला पाठव. बिलावर नाव तुझंच आहे ना, तेवढं आजच बघून कळव.

तुझी,
आत्या